तिळीचा उंबऱ्यावरचा घास

एक होतं अंगण. अंगणात एक बीळ. बिळात एक मुंगी. काळी काळी, इवली इवली, तिळाएवढी. म्हणून तिचं नाव तिळी.

अंगणाला लागून एक घर. घराला एक उंबरा. घरात राहायची येसूकाकू. येसूकाकूची छोटी लेक नमी राहायची. आणि येसूकाकूची म्हातारी आई राहायची. त्या आईला सगळा गाव बायो म्हणायचा.

बायो धोंडस करायची.

धोंडस म्हणजे काय? धोंडस म्हणजे काकडीचा केक. साधीसुधी काकडी नाही हं. तवसं! मोठ्ठं, जाडजूड, पिवळं तवसं. बायो तवसं किसायची. किस किस, किस किस. त्यात तांदळाचा रवा घालायची. गूळ घालायची. ओलं खोबरं घालायची. वेलची कुटून घालायची. कुट कुट, कुट कुट. पातेल्यात हळदीचं पान अंथरायची. पानावर सगळं ओतायची. पातेलं चुलीवर ठेवायची. पातेल्यावर झाकण ठेवायची. आणि झाकणावर लाल लाल निखारे.

खाली निखारे, वर निखारे.
मधे धोंडस भाजतंय बरे.

मग वास सुटायचा. घरभर, अंगणभर. नमी हात पुढे करायची. बायो म्हणायची, "थांब गं. आधी कुणाचा?"

नमी म्हणायची, "आधी मुंगीचा!"

बायो कडेचा खरपूस तुकडा मोडायची. चिमूटभर. तो उंबऱ्यावर ठेवायची. तिळी यायची. तुरुतुरु, तुरुतुरु. घास उचलायची. बिळात न्यायची. मग घरातली माणसं खायची. आधी मुंगी, मग माणसं. बायोच्या आईच्या घरी असंच होतं. आणि त्या आईच्या आईच्या घरीही असंच होतं.

तिळीचीसुद्धा एक रीत होती. नवा घास आला की जुना घास खायचा. नवा आला नाही, तर जुना जपायचा. बीळ कधी रिकामं ठेवायचं नाही.

मग बायो म्हातारी झाली. आणखी म्हातारी झाली. पाऊस संपता संपता बायो वारली. वारली म्हणजे आता ती कधीच येणार नाही. नमीने विचारलं, "उद्या येईल?" काकू म्हणाली, "नाही." नमीने विचारलं, "परवा येईल?" काकू म्हणाली, "नाही गं माझे बाय."

तवशांचे दिवस आले. तिळी उंबऱ्यावर गेली. उंबरा रिकामा.

दुसऱ्या दिवशी गेली. उंबरा रिकामा.

तिळी बिळात आली. बिळात एकच घास होता. मागच्या वर्षीचा. बायोच्या हातचा. तिळीने त्याचा वास घेतला. खाल्ला नाही. तिला भूक लागली होती. खूप लागली होती. पण नवा आला नव्हता ना? मग जुना कसा खायचा?

तिळी म्हणाली, "काकूलाच विचारते."

तुरुतुरु, तुरुतुरु. तिळी घरात गेली.

येसूकाकू भिंतीला टेकून बसली होती. ती भात करायची. आमटी करायची. गॅसवर, भराभर. नमीला भरवायची. आणि परत भिंतीला टेकून बसायची. तिळी म्हणाली,

"काकू, काकू, घास दे.
माझा घास उंबऱ्यावर येईना."

काकू म्हणाली, "देईन गं, देईन. पण कुठून देऊ? धोंडस गॅसवर होत नाही. धोंडस चुलीवर होतं. आणि चूल तर गार पडलीय. माझं तोंडही कडू आहे. चूल पेटली, तर घास देईन."

तिळी म्हणाली, "बरं."

तुरुतुरु, तुरुतुरु. तिळी मागच्या पडवीत गेली.

पडवीत चूल होती. चुलीत गार राख. राखेत मांजर झोपलेलं. घुर्र घुर्र. तिळी मांजराच्या शेपटीला वळसा घालून गेली. उगाच कुणाची झोप कशाला मोडा? तिळी म्हणाली,

"चुली, चुली, पेट.
काकू घास देईना.
माझा घास उंबऱ्यावर येईना."

चूल म्हणाली, "पेटेन गं, पेटेन. पण कशावर पेटू? बायो मला सुकी झावळी द्यायची. फूं फूं फुंकायची. आता झावळी नाही, फुंकर नाही. नुसतं मांजर आहे. माडाने झावळी टाकली, तर पेटेन."

तिळी म्हणाली, "बरं."

तुरुतुरु, तुरुतुरु. तिळी माडाकडे गेली.

माड म्हणजे नारळाचं झाड. माड उंच. उंच म्हणजे किती उंच? मान वर करा. आणखी वर. आणखी वर! तिळीने खालून हाक मारली. माडाला ऐकूच गेलं नाही. मग काय करता? तिळी वर चढली. चढली, चढली. सर्रकन घसरली. परत चढली. माडाच्या कानाशी गेली आणि म्हणाली,

"माडा, माडा, झावळी टाक.
चूल पेटेना,
काकू घास देईना.
माझा घास उंबऱ्यावर येईना."

माड म्हणाला, "टाकीन गं, टाकीन. ही बघ, सुकलेली झावळी कधीची लोंबतेय. पण मी एकटा हलू कसा? वारा हलवतो, तेव्हा मी हलतो. वारा आला, तर झावळी टाकीन."

तिळी म्हणाली, "बरं."

चढायला वेळ लागला होता. उतरायला त्याहून जास्त लागला.

तुरुतुरु, तुरुतुरु. तिळी वाऱ्याला शोधायला गेली.

वारा कुठे राहतो? कुणाला माहीत आहे? तिळीलाही माहीत नव्हतं. ती कुंपणाजवळ गेली. तिथे नाही. गोठ्यामागे गेली. तिथे नाही. शेताच्या बांधावर गेली. तिथे गवताचं एक पातं जरासं हललं. जरासंच. तिळीने ओळखलं. पात्याच्या टोकावर चढली आणि म्हणाली,

"वाऱ्या, वाऱ्या, ये.
माड झावळी टाकेना,
चूल पेटेना,
काकू घास देईना.
माझा घास उंबऱ्यावर येईना."

वारा म्हणाला, "सूंऽऽ. येईन गं, येईन. पण कशाला येऊ? मी फुलं डोलवायला येतो. तुमच्या अंगणात वेल आहे. वेलीवर पूर्वी पिवळी फुलं होती. आता एक फूल नाही. मी आलो होतो. रिकामा परत गेलो. वेल फुलली, तर येईन."

तिळी म्हणाली, "बरं."

तिळीचे पाय दुखत होते. किती पाय? सहा. सहाच्या सहा दुखत होते. तरी चालली. तुरु... तुरु... तुरु... तुरु...

तिळी वेलीकडे गेली.

तवशाची वेल मांडवावर होती. पानं लोंबलेली. देठ सुकलेले. तिळी पानावर चढली. पान करकरलं. तिळी हळूच म्हणाली,

"वेली, वेली, फुल.
वारा येईना,
माड झावळी टाकेना,
चूल पेटेना,
काकू घास देईना.
माझा घास उंबऱ्यावर येईना."

वेल म्हणाली, "फुलेन गं, फुलेन. बायोने मला लावलं. स्वतःच्या हाताने लावलं. रोज संध्याकाळी यायची. पाणी घालायची. म्हणायची, पी बाळा, पी. आता कुणी येत नाही. तहान लागलीय गं मला. विहिरीने पाणी दिलं, तर फुलेन."

तिळीला वाईट वाटलं. तिने पानावरून इवलासा पाय फिरवला. म्हणाली, "बरं. आत्ता जाते."

तुरुतुरु, तुरुतुरु. तिळी विहिरीकडे गेली.

विहीर खोल. आत काळोख. तिळीला भीती वाटली. तुम्हाला वाटली असती की नाही? तिला पण वाटली. काठावर घट्ट बसली. सहाही पाय रोवले. आणि म्हणाली,

"विहिरी, विहिरी, पाणी दे.
वेल फुलेना,
वारा येईना,
माड झावळी टाकेना,
चूल पेटेना,
काकू घास देईना.
माझा घास उंबऱ्यावर येईना."

विहिरीतून आवाज आला, "येईना... येईना... येईना..."

मग विहीर म्हणाली, "देईन गं, देईन. पाणी पुष्कळ आहे. पण मी वर येऊ कशी? मला का पाय आहेत? घरात नळ आला. प्यायला नळाचं पाणी. वेलीला मात्र बायो माझंच पाणी घालायची. कळशी सोडायची. डुबुक! आता कळशी येत नाही. काकूने कळशी सोडली, तर पाणी देईन."

तिळी "बरं" म्हणाली नाही.

काकूपासून निघाली होती. सगळीकडे फिरली. आणि परत काकूच!

तुरु... तुरु... तुरु... तुरु... तिळी घरात गेली. काकू तिथेच होती, भिंतीला टेकून. नमी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. तिळी म्हणाली,

"काकू, काकू, ऊठ.
विहीर पाणी देईना,
वेल फुलेना,
वारा येईना,
माड झावळी टाकेना,
चूल पेटेना,
काकू घास देईना.
माझा घास उंबऱ्यावर येईना."

काकूने सगळं ऐकलं. शेवटी स्वतःचं नाव ऐकलं. तिने तिळीकडे पाहिलं.

काकू म्हणाली, "उठेन गं, उठेन. पण आमच्यात एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की घराचं तोंड कडू होतं. मग घरात गोड शिजत नाही. गोड आधी बाहेरून येतं. कुणीतरी येतं. एक गोड घास भरवतं. म्हणतं, आता ऊठ बाई. मग घर उठतं. मग चुलीवर गोड चढतं."

तिळीने विचारलं, "मग कुणी नाही आलं?"

काकू म्हणाली, "कुणी नाही आलं."

का नाही आलं? ऐका. गावात दोन आळ्या होत्या. वरची आळी आणि खालची आळी. वरच्या आळीला वाटलं, खालच्या आळीने घास दिला असेल. खालच्या आळीला वाटलं, वरच्या आळीने घास दिला असेल. माणसं वाईट नव्हती. पण असं वाटता वाटता राहूनच गेलं. आणि काकू वाट बघत बसली. आपण होऊन कसं मागायचं, माझं तोंड कडू आहे, मला घास द्या?

काकूचे डोळे कोरडे होते. कोरडे डोळे फार दुखतात. तिळीला ते कळलं.

तिळी उंबऱ्यावर आली. विचार करू लागली. उंबऱ्याच्या आत काकू. उंबऱ्याच्या बाहेर अंगण. अंगणात बीळ. बिळात मी.

"म्हणजे मी बाहेरची!" तिळी म्हणाली.

तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. तिळी बिळात गेली. बिळात तो एकच घास. मागच्या वर्षीचा. बायोच्या हातचा.

तिळीचं पोट रिकामं होतं. हा घास दिला, तर बीळही रिकामं. मग काय खायचं? काही नाही. आणि बायोच्या हातचा असा घास परत मिळेल? नाही. कधीच नाही.

तिळीने घासाचा वास घेतला. एकदाच.

मग घास डोक्यावर घेतला. घास तिच्याहून मोठा. लुटुलुटु, लुटुलुटु. अंगणातून चालली. उंबरा चढली. उंबरा उतरली. काकूचा हात जमिनीवर टेकलेला होता. तिळी बोटावर चढली. बोटाच्या टोकाशी आली. आणि घास तिथे ठेवला.

तिळी म्हणाली, "काकू, मी बाहेरून आलेय. गोड आणलंय. आता ऊठ बाई."

काकूने बोट डोळ्यांजवळ नेलं. खरपूस, तपकिरी, कडेचा तुकडा. चिमूटभर. तिने ओळखला.

"आईच्या हातचं," काकू म्हणाली.

काकूने घास जिभेवर ठेवला. घास कडक होता. वर्षाचा झाला होता ना? हळूहळू तो मऊ झाला. मग जिभेला गूळ लागला. मग वेलची लागली. मग हळदीच्या पानाचा वास आला. आणि काकूच्या डोळ्यांतून पाणी आलं. टप. टप. टप टप टप.

काकू रडली. खूप रडली. नमी उठली. नमीने आईच्या गळ्यात हात टाकले. तीही रडली. बायोची आठवण आली म्हणून रडली. दोघी पोटभर रडल्या. तिळी बोटावर बसून राहिली. तिने घाई केली नाही.

मग काकूने पदराने डोळे पुसले. नमीचे डोळे पुसले. नाक पुसलं. आणि काकू उठली.

काकू उठली, आणि विहिरीवर गेली. कळशी सोडली. डुबुक! विहीर म्हणाली, "आलीस होय?" विहिरीने पाणी दिलं.

विहिरीने पाणी दिलं, काकूने वेलीला घातलं. "पी बाळा, पी," काकू म्हणाली. अगदी बायोसारखंच म्हणाली. वेल प्यायली. गट गट, गट गट. पानं उठली. देठ उठले. सकाळी एक फूल उमललं. पिवळं धमक. आणि बघा! पानांच्या मागे कोण लपलं होतं? तवसं! बायोच्या वेलीचं एकच एक तवसं.

वेल फुलली, वारा आला. सूंऽऽ सूंऽऽ! फूल डोललं. डुल डुल, डुल डुल.

वारा आला, माड हलला. सळसळ, सळसळ. माडाने झावळी टाकली. धप्प! मांजर ताडकन उठलं आणि पळालं. चूल मोकळी झाली.

माडाने झावळी टाकली, काकूने ती चुलीत घातली. वर करवंट्या रचल्या. फूं फूं फुंकलं. धूर झाला. नमी खोकली. फूं फूं, फूं फूं. भक्! चूल पेटली.

चूल पेटली, आणि काकूने तवसं किसलं. किस किस, किस किस. रवा घातला. गूळ घातला. खोबरं घातलं. वेलची नमीने कुटली. कुट कुट, कुट कुट. दोन वेलच्या बाहेर उडाल्या. काकू रागावली नाही. पातेल्यात हळदीचं पान. पानावर सगळं. वर झाकण. झाकणावर लाल लाल निखारे.

काकू चुलीपाशी बसली. हलली नाही. बायो पण अशीच बसायची. नमी तिला टेकून बसली. दोघी हळूच म्हणाल्या,

"खाली निखारे, वर निखारे.
मधे धोंडस भाजतंय बरे."

मग वास सुटला. घरभर सुटला. अंगणभर सुटला. वाऱ्याने तो वरच्या आळीला नेला. वाऱ्याने तो खालच्या आळीला नेला. वरच्या आळीतली माणसं म्हणाली, "अरे! आपण घास द्यायला गेलोच नाही." खालच्या आळीतली माणसं म्हणाली, "अगं बाई! आपणही नाही गेलो." आणि सगळी येसूकाकूकडे निघाली. कुणी पेढा घेतला. कुणी केळं घेतलं. कुणी रिकाम्या हातानेच पळत आलं. सगळी अंगणात उभी राहिली. त्यांना वाईट वाटत होतं.

काकूने झाकण उचललं. वाफ आली. भस्स! धोंडस झालं होतं. कडेने तपकिरी, मधे सोनेरी.

नमीने हात पुढे केला.

काकू म्हणाली, "थांब गं."

पुढचं वाक्य बायोचं होतं. आजवर ते बायोच म्हणायची. काकूने कधी म्हटलं नव्हतं. तिने नमीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी कुणाचा?"

नमी म्हणाली, "आधी मुंगीचा!"

काकूने कडेचा खरपूस तुकडा मोडला. चिमूटभर. तो उंबऱ्यावर ठेवला. मग आणखी एक तुकडा मोडला. तोही चिमूटभर. तो पहिल्याच्या शेजारी ठेवला.

काकू म्हणाली, "तिळे, हा एक तुझा हक्काचा. आणि हा एक, तू मला दिलास त्याचा."

तिळी आली. तुरुतुरु, तुरुतुरु.

काकूने घास दिला.
चूल पेटली होती.
माडाने झावळी टाकली होती.
वारा आला होता.
वेल फुलली होती.
विहिरीने पाणी दिलं होतं.
तिळीचा घास उंबऱ्यावर आला होता.

तिळीने एक घास नेला. परत आली. दुसरा घास नेला. तोवर सगळे थांबले. वरची आळी थांबली. खालची आळी थांबली. नमीसुद्धा थांबली, जिभेला पाणी सुटलं तरी. मग सगळ्यांनी धोंडस खाल्लं. आणि बायोच्या गोष्टी सांगितल्या.

तिळी बिळात बसली. एक घास तिने खाल्ला. गरम गरम, गोड गोड. पोट भरलं.

दुसरा घास तिने खाल्ला नाही. कोपऱ्यात नीट ठेवला. वर पानाचा तुकडा झाकला.

तो कशाला ठेवला?

कधी कुणाचं तोंड कडू झालं, तर त्याला द्यायला.

चूल निवली, वारा निजला.
ज्याचा घास त्याला पोचला.
गोष्ट माझी इथे थांबली.
आता मिटा डोळे, कुशीत या, रात्र झाली.